हात टाकला की दांडा पाहिजे

फिटरनाना माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी गुडघ्याकडे. आमची पहिली भेट झाली तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि माझे गुडघे ठणठणीत होते, त्यामुळे नानांना माझ्यात काही रस वाटला नाही. त्यांनी उपकेंद्राच्या पायऱ्यांकडे बघितलं, खिशातून घडीची लाकडी फूटपट्टी काढली, वाकून एक पायरी मोजली आणि मग मान वर करून मला विचारलं, "बाई, ही पायरी कुनासाठी बांधलीय?"

"पेशंटसाठी," मी म्हटलं.

"पेशंट काय घोड्यावर बसून येतो?"

मी चिडले. नर्स म्हणून त्या गावात येऊन मला जेमतेम पंधरा दिवस झाले होते आणि ते उपकेंद्र काही मी बांधलं नव्हतं. पोलादपूरहून उमरठच्या अंगाला जाणारी एसटी जिथे वळून परत फिरायची, तिथे उतारावर आमचं गाव. खाली ओढ्याकाठी बौद्धवाडी, मध्ये गाव आणि डोंगरमाथ्यावर, तासाभराच्या चढावर, वरची वाडी. उपकेंद्राचा नकाशा महाडकडच्या कुणा साहेबाने काढलेला असावा. महाडला सावित्रीचं पाणी दारात येतं, तिथे जोतं छातीइतकं उंच घेतात आणि ते शहाणपणाचंच आहे. मीही महाडचीच, बाजारपेठेतल्या सोनाराची मुलगी, मला उंच जोत्याची सवय. पण आमच्या त्या गावात पूर यायचा तर आधी अख्खं महाड बुडायला हवं होतं. तरी जोतं तेवढंच उंच आणि त्याला दहा-दहा इंचांच्या पाच पायऱ्या. म्हातारं माणूस खालच्या पायरीवर बसून हाक मारायचं आणि मी पिशवी घेऊन खाली उतरायची. त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंही नव्हतं.

नानांनी दुसऱ्या दिवशी ओढ्यातून चपटे दगड आणले आणि प्रत्येक पायरीच्या अर्ध्या भागावर एकेक बसवून पाचाच्या दहा पायऱ्या केल्या. भिंतीकडेने लोखंडी पाइप लावला. पाइप बसल्यावर तो तीनदा हलवला, मग गुडघे दुमडून साठीचा तो माणूस सगळा भार टाकून त्याला लोंबकळला. मी दारातून बघत होते. मला हसू आवरेना.

"लोड घेतला पायजे," नाना लोंबकळतच म्हणाले. "आनि हात टाकला की दांडा पायजे. आधी बघून मंग हात टाकायचा असंल, तर त्यो दांडा कशाला? त्यापरीस काठी बरी."

पुढे बांधकाम खात्याचा ओव्हरसियर आला आणि नकाशात नाही म्हणून त्याने पाइप उपटून काढायला लावला. तो एसटीत बसला तसा नानांनी पाइप परत बसवला. असं तीन वेळा झालं. चौथ्या खेपेला नानांनी तो सिमेंटात गाडला आणि त्याच महिन्यात ओव्हरसियरची बदली झाली, त्यामुळे पाइप राहिला.

ते दिवस आणीबाणीचे होते. माझ्या डोक्यावर नसबंदीच्या केसेसचा कोटा होता. मी पांढरी साडी नेसून वाडीत शिरले की तरणीताठी माणसं रानात पळायची आणि घरात उरायची ती म्हातारी. त्यांना माझी भीती नव्हती, कारण कापून नेण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलेलं नव्हतं. त्यामुळे पहिल्या वर्षी माझी ओळख झाली ती सगळी म्हाताऱ्यांशी, आणि जिथे म्हातारं माणूस तिथे आज ना उद्या नाना हजर व्हायचेच.

नानांचं पूर्ण नाव सोनू गोविंद जाधव. मुंबईच्या गिरणीत तीस वर्षं फिटर. डाव्या हाताची करंगळी तिथेच राहिली होती. बायको वारलेली, मुलगा मुंबईत, आणि हे बौद्धवाडीतल्या दोन खोल्यांत एकटे. त्यांच्या आयुष्याबद्दल मला याहून फारसं माहीत नाही. मी विचारलं नाही आणि ते आपणहून सांगणाऱ्यांतले नव्हते. फक्त आईबद्दल एकदा बोलले, उपकेंद्राच्या ओट्यावर चहा पिताना.

आई गावी एकटी असायची. नाना वर्षातून एकदा, वैशाख पौर्णिमेला यायचे. एका वर्षी त्यांना दाराच्या चौकटीवर कमरेच्या उंचीला एक काळा, तुळतुळीत डाग दिसला. कसला ते आधी कळेना. मग त्यांनी आईला बाहेर जाताना बघितलं. ती चौकटीला धरून उभी राहायची, खाली पायरीकडे बघत, बराच वेळ, आणि मग पाय टाकायची. रोज तिथे हात धरून धरून तो डाग पडला होता.

"मिलमदी बुटका मानूस मशिनीवर आला की त्याच्या पायाखाली फळी ठेवायचं काम माझं. शेकडो मानसांना दिल्या फळ्या. म्हनलं, हितं एक दांडा लावू. मंग म्हनलं, रजा संपली, पुढच्या टायमाला लावू." नानांनी कप खाली ठेवला. "पुढच्या टायमाला आय नव्हती. त्याच पायरीवर पडली."

मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. नानांनी हात केला, म्हणजे नको.

"म्हातारपन हा काय रोग नाय बाई. मानूस बरोबर हाय, घर चुकीचं हाय. घराची फिटिंग बदलायची. बस."

हे त्यांचं एकच मत होतं आणि ते दिवसातून पाच वेळा ऐकवायचे. मी कुणा म्हातारीला गुडघ्याच्या गोळ्या दिल्या की त्यांचं तोंड वाकडं व्हायचं. "गोळी पोटात जाते, उंबरा तिथंच ऱ्हातो," असं म्हणायचे. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

येसूआजीचं मीच त्यांना सांगितलं. येसूआजी वरच्या वाडीतली, पंचाहत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले, नजर अर्धी गेलेली, जीभ मात्र शाबूत. मुलगा महादू मुंबईत, घरात सून आणि नातवंडं. आजीला लघवीला जळजळ, अंगात कणकण आणि जीभ लाकडासारखी कोरडी. मी म्हटलं, "आजी, पाणी भरपूर प्या." आजी माझ्याकडे बघून फिसकन हसली.

"पानी पेलं की जावं लागतंय. आनि जायाचं तर सुनंचा हात पायजे. ती रानात जाते गो सकाळची, ती दिवेलागनीला येते. मंग पीतच नाय मी. सोपं हाय."

सुनेने घरात डबा ठेवायचीही तयारी दाखवली होती. आजीने डबा फेकून दिला होता. मागच्या दारापासून परसाच्या टोकाच्या आडोशापर्यंत तीसेक पावलं. आजीचं म्हणणं एवढंच होतं, "माझं मला जाता आलं पायजे. एवढं जमलं की मंग मी मेले तरी चालंल." मी हे खाली येऊन सांगितलं तेव्हा नाना पुढचं काही न विचारता पायात वहाणा घालायला लागले.

वरच्या वाडीत नाना अंगणाच्या कडेला थांबले. बौद्धवाडीतला माणूस तिथे ओटीवर चढत नसे. कुणी नको म्हटलं नाही, म्हणायची गरजच नव्हती. मला मात्र पाट मिळाला, गूळपाणी मिळालं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. नानांनी खिशातून सुतळी काढली आणि माझ्याकडे फेकली. त्यांनी अंगणातून सांगायचं आणि मी आजीच्या अंगाला लावून गाठ मारायची. पहिली गाठ गुडघ्याला. दुसरी, बसल्यावर उठता येईल अशा उंचीला. तिसरी, सैल सोडलेल्या हाताचा तळवा येतो तिथे. चौथी, तिच्या एका पावलापासून दुसऱ्या पावलापर्यंत. फूटपट्टीचे आकडे नानांना नको होते. ते म्हणायचे, आकडा विसरतो, गाठ विसरत नाही.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात नानांनी परसात ऐनाचे खुंट पुरले, त्यांच्यावर तासून गुळगुळीत केलेले बांबू बोल्ट मारून बसवले. मागच्या दाराच्या उंबऱ्यात उभं राहून हात टाकला की दांडा सुरू, तो थेट आडोशापर्यंत. जिथे वाट वळते तिथे बांबूवर काथ्याचे दोन वेढे, जिथे संपते तिथे तीन. "डोळ्याला दिसत नाय, तर हाताला दिसलं पायजे," नाना म्हणाले. आडोशात भोकाचा पाट, बरोबर दुसऱ्या गाठीच्या उंचीचा. मग तीनदा हलवणं आणि लोंबकळणं. वाडीतली पोरं हसली, आणि या वेळी मी त्यांना दटावलं.

आजी उठली. सून मागोमाग निघाली तशी आजी खेकसली, "कुनी मागं येयाचं नाय!" आम्ही मागच्या दारात थांबलो, नाना परसाच्या कडेला. ती एक एक पाऊल टाकत, हात दांड्यावरून सरकवत गेली, वळणावर थांबून तिने काथ्याचे वेढे चाचपले, आणि वळली. परत यायला तिला पाव तास लागला. आली, धापा टाकत बसली, नानांच्या दिशेने तोंड केलं. "अरे सोनू, दांडा कशाला म्हनतोस रे? तुजाच हात हाय ह्यो."

ज्या घराच्या ओटीला नानांचे पाय चालत नव्हते, त्या घरातली म्हातारी सगळ्यांदेखत हे बोलली. सून दुसरीकडे बघायला लागली. मग आजीने पाणी मागितलं. तांब्याभर पाणी तिने एका दमात घटाघट प्यायलं, हनुवटीवरून ओघळ गळ्यापर्यंत गेला तरी तांब्या खाली ठेवला नाही. मी नोकरीत पुष्कळ बाळंतपणं केली, पण इतका आनंद मला क्वचित झाला असेल.

मग आसपासच्या वाड्यांतून निरोप यायला लागले. नानांच्या खोलीत खिळ्यावर सुतळ्या वाढत गेल्या. प्रत्येक सुतळीला ज्याची त्याच्या लुगड्याची, धोतराची चिंधी बांधलेली. माघ संपेपर्यंत अकरा झाल्या होत्या. कुठे उंबऱ्याशी ठोकळा, कुठे खाटेला धरून उठायला दोर, आंधळ्या बाळोबांच्या घरी तर खाटेपासून अंगणातल्या दगडापर्यंत ताणलेली काथ्याची दोरी. नाना संध्याकाळी त्या सुतळ्यांखाली बसून बिडी ओढायचे. इतकं समाधानी मी त्यांना पुन्हा बघितलं नाही.

त्यांना एक गोष्ट सुचली नाही. मलाही सुचली नाही आणि वाडीत कुणालाच सुचली नाही.

आमच्याकडे शिमग्याला होळीचं लाकूड चोरायची रीत आहे. पोरं रात्रीतून कुणाची काटकी, कुणाची कवाडं, कुणाची मोडकी खाट पळवतात. मालकाने शिव्या घालायच्या, त्याही हौसेने. पण लाकूड एकदा होळीवर चढलं की परत काढायचं नाही. बौद्धवाडीने शिमगा सोडून वीस वर्षं झाली होती, नानांच्या ध्यानातून ती रीत पार गेली होती. मी बाजारपेठेतली, आमच्या आळीची होळी वखारीतून विकत आणलेल्या लाकडाची. आणि वाडीतल्या लोकांना तो दांडा एव्हाना आजीच्या अंगाचा भाग वाटत असावा. अंगाचा भाग कोण चोरतं?

महादू गणपतीनंतर पहिल्यांदाच मुंबईहून आला तो होळीच्या संध्याकाळच्या एसटीने. दांडा झालेला त्याला कुणी कळवलं नव्हतं. रात्री दोस्तांबरोबर लाकडं गोळा करताना आपल्याच परसात त्याला कोरे बांबू आणि ऐनाचे खुंट दिसले. भाजीच्या वाफ्याचं कुंपण असेल असं त्याला वाटलं. आपल्याच घरचं लाकूड चोरण्यात तर जास्त गंमत. ओरडत, बोंबा मारत त्यांनी तीस पावलांची वाट उपटली आणि होळीवर चढवली. शिमग्याच्या त्या गोंगाटात घरात कुणाला काही कळलं नाही.

उजाडता उजाडता आजी रोजच्यासारखी उठली, मागच्या दारात आली आणि तिने हात टाकला.

मला बोलवायला माणूस आला तेव्हा ऊन वर आलं होतं. मी पोचले तर होळी विझत आली होती. आजी परसात गोधडीवर होती, डावा पाय बाहेरच्या बाजूला फिरलेला. खुब्याचं हाड गेलं हे बघताक्षणी कळलं. तिने माझा हात शोधून धरला.

"बाई, हात टाकला तर दांडाच नाय गो. वाट चुकले मी. डोळं पारच गेलं बघ माजं."

महादू तिच्या उशाशी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी हात जोडले. दांडा होळीत गेला हे तिला मीही सांगितलं नाही, कुणीच नाही. डोलीत घालून तिला खाली आणलं, जीपने महाडला नेलं, तिथे डॉक्टरांनी या वयात काही करता येणार नाही असं सांगून परत पाठवलं. पाडव्याच्या आधी ती गेली. शेवटपर्यंत ती येईल त्याला सांगत होती की मी वाट चुकले. मी तेव्हा खरं बोलायला हवं होतं. तिची वाट चुकली नव्हती, एवढं तरी मरण्याआधी तिला कळायला हवं होतं.

नाना वर गेले ते आजीला खाली आणल्यावर. होळीच्या राखेत काठी घालून बसले आणि काळे पडलेले बोल्ट वेचून रुमालात बांधून आणले. ते माझ्या टेबलावर ठेवले.

"नाना, चूक त्या पोराची आहे," मी म्हटलं.

"त्यानं लाकूड चोरलं. भरोसा मी दिल्ता." त्यांनी रुमालाची गाठ सोडली. "दांडा नव्हता तवा ती पाय चाचपून टाकायची. भितीला धरून, सुनंला हाका मारून. दांडा दिला आनि तिनं चाचपायचं सोडलं. ती सवय मी मोडली, बाई. आयला दांडा दिला नाय म्हनून ती मेली. हिला दिला म्हनून ही मेली."



त्यानंतरचे नाना वेगळे होते. नवीन काम त्यांनी एकही घेतलं नाही. उरलेल्या दहा सुतळ्या खिळ्यावर होत्या, त्या दहा घरांची रोज सकाळी फेरी. पाऊस असो, ताप असो. जायचं, दांडा तीनदा हलवायचा, दोर ओढून बघायचा, पुढे निघायचं. लोक आधी कौतुक करायचे, मग थट्टा करायला लागले, मग कुणाचं लक्षही राहिलं नाही. एखादं म्हातारं गेलं की नाना तिथला दांडा काढून आणायचे आणि सुतळी उतरवायचे. अशी पाचेक वर्षं गेली आणि खिळ्यावर सहा सुतळ्या राहिल्या. तोवर नानांचेच गुडघे सुजायला लागले होते.

त्यांनी माणूस शोधायला सुरुवात केली. ग्रामपंचायतीत गेले. सरपंच म्हणाले, अर्ज द्या. मी अर्ज लिहून दिला, तो कुठल्या कपाटात गेला देव जाणे. महाडच्या औद्योगिक वसाहतीत तेव्हा कारखाने नवे उभे राहत होते, गावातली पोरं शिफ्टला जायची. एकाला नानांनी धरलं तर तो म्हणाला, "नाना, आठवड्याला शिफ्ट बदलते. कवा नाइट, कवा फस्ट. येळ कुठला काढू?" त्याचंही खोटं नव्हतं.

मग एका दुपारी ते माझ्याकडे आले. खुर्चीत बसताना दोन्ही हातांनी टेबलाला धरलं. "बाई, म्हैन्यातून एकदा तुमी फिरताच वाड्यांवर. जाता जाता तेवढं हलवून बघाल? सहाच हायत. तीनदा हलवायचं फक्त."

माझ्या टेबलाच्या खणात महाडच्या बदलीचा कागद होता. मीच अर्ज करून मिळवलेला. मुलीची शाळा सुरू व्हायची होती, नवरा महाडला, मी इथे. मी म्हटलं, "बघू या ना, नाना."

"बघू म्हंजे नाय," नाना म्हणाले. "मिलमदी साहेब असंच म्हनायचा." रागावून नव्हे, अगदी साधेपणाने म्हणाले. टेबलाला धरून उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दांडे काढायला सुरुवात केली. जिथे पाय पोचेना तिथपासून, म्हणजे लांबच्या वाडीपासून. मला ते कळलं बाळोबांच्या घरी. मी त्यांच्या पायाची जखम बांधायला गेले तर नाना दारात उभे राहून काथ्याच्या दोरीची गाठ सोडत होते. इतक्या वर्षांत त्या घराला त्यांचं उंबऱ्यापर्यंत येणं चालायला लागलं होतं. बाळोबा खाटेवर बसलेले, ऐंशीच्या घरातले, दोन्ही डोळ्यांनी आंधळे, दोरीचं दुसरं टोक त्यांनी मुठीत गच्च धरलेलं.

"ऱ्हाऊ दे रं सोनू. तुटली तर तुटली. पडलो तर मी पडंन, तुला काय?"

"बाबा, सोडा."

"तुला बोल नाय लावनार रं."

"तुमी नाय लावनार. तुमचा हात लावंल." नानांनी एकेक बोट उचलून त्यांची मूठ सोडवली. इतक्या हळू, की मला ते बघवेना. "जे बघायला मी येनार नाय, ते ठेवायचं नाय."

मी भडकले. म्हटलं, "नाना, तुम्ही या माणसाचे हात तोडताय. आजीचं एकदा झालं म्हणून सगळ्यांना खाटेला जखडून ठेवणार? ही माया नाही, हा हट्ट आहे." आणखीही बरंच बोलले. नाना दोरी कोपरावर गुंडाळत राहिले. सगळी गुंडाळून झाल्यावर एवढंच म्हणाले, "तुमी हलवून बघनार असाल तर आत्ता परत बांधतो."

मी बाळोबांच्या जखमेकडे बघायला लागले. नाना थोडा वेळ थांबले, मग दोरी खांद्यावर टाकून उतरले. बाळोबा रिकाम्या मुठीने हवेत चाचपत होते. त्यानंतर ते खाटेवरून उठल्याचं मी ऐकलं नाही. पुढच्या महिन्यात मी महाडला रुजू झाले.

नाना बरोबर होते असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. आधार असता तर बाळोबा वर्षभर तरी अंगणातल्या उन्हात बसले असते. पण ते चूक होते असंही मी कुठल्या तोंडाने म्हणू? महिन्यातून एकदा, तीनदा हलवायचं, एवढंच त्यांनी मागितलं होतं. सहा घरांना मिळून एक माणूस लागत होता आणि त्या अख्ख्या खोऱ्यात तो निघाला नाही. त्यात मीही आले.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते सहा वर्षांनी. लसीकरणाच्या कामाला एका दिवसापुरती त्या गावी गेले होते. नवीन नर्स, चुणचुणीत मुलगी, माझी जुनी रजिस्टरं काढून दाखवत होती, तेवढ्यात म्हणाली, "मॅडम, जरा गोळ्या देऊन येते, ते आजोबा आलेत." मी बाहेर डोकावले. नाना दारापर्यंत चढून आले होते, कसे ते तेव्हा मला दिसलं नाही. अंग अर्धं झालेलं, गुडघे मात्र नारळाएवढे. त्यांनी मला ओळखलं. "बाई," म्हणाले, आणि माझ्या गुडघ्यांकडे बघितलं. "सुजतंय काय?"

"थोडं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, गोळ्यांची पुडी कोपरीच्या खिशात घातली आणि निघाले. पहिल्या पायरीशी थांबून त्यांनी भिंतीकडचा पाइप धरला. त्यांनीच सिमेंटात गाडलेला, त्यांच्या सगळ्या दांड्यांतला तेवढाच उरलेला. तीनदा हलवला. पाइप तसूभर हलला नाही. मग त्यांनी हात काढून घेतला, जमिनीला टेकवला, सावकाश खाली बसले आणि बसल्या बसल्या एका पायरीवरून दुसरीवर सरकायला लागले. ओढ्यातले चपटे दगड झिजले होते, पण जागेवर होते. पाइप त्यांच्या डोक्याशेजारी होता.

"नाना, पक्का आहे तो," मी म्हटलं.

"आज हाय," ते म्हणाले, आणि आणखी एक पायरी सरकले.

माझ्याने राहवेना. मी भरभर खाली उतरले, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि हात पुढे केला. नानांनी माझ्या हाताकडे बघितलं, निरखून, लांबीरुंदी मोजावी तसं. मग वर बघून विचारलं, "तुमची गाडी कितीची?"

"सव्वाचारची."

"मंग नको," नाना म्हणाले, आणि मला वाट सोडायची खूण करून पुढच्या पायरीवर सरकले.